देवळाली प्रवरा
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. प्रवरेच्या दक्षिणेस वसले आहे. नाशिकची लष्करी छावणी असलेली देवळाली ती निराळी. नगर–मनमाड रस्त्यावरील राहुरी फॅक्टरी हा भाग याच नगरपरिषदेच्या हद्दीत येतो.

गावची शेती भंडारदऱ्याच्या उजव्या कालव्यावर पोसलेली आहे, म्हणून गावाची खरी वास्तू अकोले तालुक्यात शेंडी येथे पाहावी लागते. तेथील विल्सन धरणाचे काम 1910 मध्ये सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते 10 डिसेंबर 1926 रोजी त्याचे उद्घाटन झाले. उंची सुमारे 82 मीटर; त्या काळी देशातील अत्युच्च धरणांत त्याची गणना होई. त्याच सुमारास इलाख्यातील सरकारी इमारती स्तंभ, कमानी व घुमटांनी सजत होत्या. या भिंतीचे सौंदर्य मात्र तिच्या छेदात आहे : माथा अरुंद, पाया रुंद, आणि पाण्याचा रेटा दगडाने स्वतःच्या वजनावर पेलायचा. बांधकाम चुन्यातील दगडी आहे. पाणी सोडण्याची दारे निरनिराळ्या उंचीवर आहेत. 200 फुटांवरील दारातून सुटलेले पाणी खालच्या गोलसर खडकावर आपटून चहूबाजूंनी उतरते, तोच प्रसिद्ध ‘अंब्रेला फॉल’. 1969 मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती लागली, तेव्हा पाठीमागून भक्कम टेकू बांधले व पोलादी तारा ताणून भिंत खडकाशी जखडली. जुन्या दगडी पाठीला टेकलेले हे टेकू आजही दिसतात आणि मूळ बांधणीइतकेच ते आदराने पाहण्याजोगे आहेत.

धरणाचे पाणी नदीपात्रातून ओझर बंधाऱ्यापर्यंत येते. तेथून डावा कालवा (77 किमी) व उजवा कालवा (52 किमी) फुटतो. साठा सुमारे 11 टीएमसी. खालच्या बाजूस निळवंडे धरण झाले असून त्याच्या डाव्या कालव्यात 2023 मध्ये पाणी सोडण्यात आले.

मुख्य पीक ऊस. डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखाना राहुरी फॅक्टरी येथे आहे.

आवर्तन सुटले की पाटाचे पाणी चारीला, चारीचे पोटचारीला लागते. पाळी रात्रीची असली तर शेतकरी बॅटरी व फावडे घेऊन बांधावर थांबतो, आणि वरच्या शेताचे भरणे उरकताच बारे फोडून पाणी आपल्या सरीत घेतो.