माळ्यावरचा टीव्ही

जव्हारच्या आमच्या घरी माळ्यावर एक कृष्णधवल टीव्ही आहे. लाकडी खोका, पुढे सरकतं शटर, मागे चार-पाच बटणं. दर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात द्यायचं ठरतं आणि दर वेळी आजी नाही म्हणते. कारण एकच: "अमेरिकेची कॅसेट त्याच्यावरच लागली होती."

गोष्ट १९९१ची, माझ्या जन्माआधीची. काका न्यू जर्सीला होता. त्याने मुलाच्या बारशाची व्हीएचएस कॅसेट पाठवली होती. आजीचा भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, मस्कतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी दोन्हीकडच्या कॅसेट चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर आणला होता. घरात नवाकोरा रंगीत टीव्ही होता. कॅसेट लावली तर रंग गायब, आणि चित्र वरून खाली धावत सुटलेलं. शेवटी कोणीतरी माळ्यावरून जुना टीव्ही उतरवला, मागचं व्ही-होल्डचं बटण पिळलं आणि चित्र थांबलं. आजीने नातू पहिल्यांदा पाहिला तो असा, बिनरंगाचा.

नव्याला जमलं नाही ते जुन्याला कसं जमलं? इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही मला हे सांगता येत नव्हतं.

सुरुवात विजेपासून करावी लागते. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची, युरोपात आणि आपल्याकडे ५०ची. विजेची गुणगुण पडद्यावर पट्टा होऊन सरकू नये म्हणून सुरुवातीच्या टीव्हीचा ताल विजेच्या तालाशी जुळवला गेला. त्यामुळे अमेरिकेत ५२५ रेषा आणि सेकंदाला ३० चित्रं, तर युरोपात बहुतेक ठिकाणी ६२५ रेषा आणि २५ चित्रं.

मग रंग आला. डिसेंबर १९५३मध्ये अमेरिकेने एनटीएससी पद्धत मंजूर केली. वाटेत सिग्नल जरा बिघडला की त्यात चेहरे हिरवे-जांभळे व्हायचे. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी १९६३मध्ये पाल पद्धत मांडली. रंगाच्या सिग्नलचा एक भाग एकाआड एक रेषेवर उलटा पाठवायचा, म्हणजे चुका एकमेकींना खोडतात. फ्रान्सची सेकाम तिसरी. १९६६ला ओस्लोच्या बैठकीतही युरोपचं एकमत झालं नाही. फ्रान्स आणि सोव्हिएत संघ सेकामकडे, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन पालकडे. आखातात सौदी अरेबियाने सेकाम घेतलं, शेजारच्या ओमानने पाल.

आपल्याकडे दिल्लीत १९५९ला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला दूरदर्शन सुरू झालं, तेही ६२५ रेषांवरच. १९८२ला एशियाडच्या वर्षी रंग आला, तेव्हा पाल घेणं त्यात सहज बसलं.

आता गुणाकार करा. ५२५ गुणिले ३० म्हणजे १५,७५०. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. सेकंदाला आखायच्या रेषा जवळपास सारख्याच! फरक एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे आडवा ताल आपोआप जुळत होता, फक्त उभा ताल बटण पिळून जुळवायचा होता. रंगाचा प्रश्न जुन्या टीव्हीपुढे नव्हताच. रंगीत टीव्ही मात्र पालचा रंग शोधत बसला, आणि त्याला बाहेरून पिळायला बटणही नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मामाआजोबांनी मस्कतहून टीव्ही निवडून आणला. आखातातल्या दुकानात तेव्हा खोक्यावरच्या तीन गोष्टी पाहायच्या असत: रंगपद्धती किती, व्होल्ट किती आणि आवाज कुठला. आवाजाचं लोक विसरत. ब्रिटनही पालवालाच, पण तिथे आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असे, आपल्याकडे ५.५वर. नुसता तिथल्यापुरता बनवलेला टीव्ही इथे आणला की चित्र दिसे आणि आवाज मुका.

तो टीव्ही मामाआजोबांच्या मोखाड्याच्या घरी लागला. आजी एसटीने कॅसेट घेऊन गेली, तेव्हा तिला कळलं की बाळाचं झबलं पिवळं होतं. एरवी परदेशी कॅसेट वर्षाला एखादी यायची. रोज उपयोगी पडली ती खोक्यावरची दुसरी ओळ: ११० ते २४० व्होल्ट. मोखाड्यात संध्याकाळी व्होल्टेज बसलं की बाकीच्या घरांत स्टॅबिलायझर कटकट करून टीव्ही बंद पाडायचे. हा चालू राहायचा.

त्या पद्धती आता सरल्या. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २००९ला थांबलं, ब्रिटनचं २०१२ला. भांडण मात्र डिजिटलमध्येही आहेच: अमेरिकेचं एटीएससी, युरोपचं डीव्हीबी, जपानचं आयएसडीबी. परवा त्याच चुलतभावाने विचारलं, तिकडचा ६५ इंची टीव्ही आजीला आणू का? मी म्हटलं, दादा, मागचं लेबल वाच. त्यावर फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ होतं. नको म्हटलं.

मग त्याने कॅसेटचं विचारलं. काका जाऊन सहा वर्षं झाली. त्या कॅसेटमध्ये काका बाळाच्या कानात नाव सांगतो, त्याचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरलाय. फितीवर बुरशी धरायला लागली होती. मी ती मुंबईला डिजिटल करायला नेली. दुकानदाराने फॉर्म पुढे सरकवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाल की एनटीएससी?"

"एनटीएससी," मी म्हटलं. "आणि मशीन लावण्याआधी बुरशी साफ करा."