न पटलेल्या प्रबंधाची प्रस्तावना

आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून मुले-मुली आता एम.ए., पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागली आहेत. 'गाइडांना पटेल तेच लिहावे, म्हणजे लवकर सुटका होते,' असा सल्ला त्यांना देणारी वडीलधारी मंडळीही आम्ही पाहिली आहेत. तो कानी पडला की आम्हांला एका जुन्या पुस्तकाची प्रस्तावना आठवते. पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', प्रकाशन १९२३. प्रस्तावना त्यांचे लंडनमधील गुरू प्रा. एडविन कॅनन यांची.

बडोदेनरेश सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे पहिले धडे त्यांना प्रा. एडविन सेलिग्मन यांनी दिले. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला तेव्हा त्याला प्रास्ताविक लिहून, या विषयाचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या पाहण्यात नाही, असा निर्वाळा सेलिग्मन यांनीच दिला. १९१६ साली आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती, एवढाच काय तो आधार.

मधल्या काळात ते स्वतःच शिक्षक झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्रारंभी विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही. पुढे मात्र इतर कॉलेजांतील मुलेही त्यांच्या वर्गात येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. वर्गात मान आणि खोलीत विटाळ! पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

प्रबंधाचा विषय रुपयाचा. १८९३ पूर्वी कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. जगात चांदीचा भाव घसरू लागला, तसा रुपयाही घसरला. आणि विलायतेतील देणी पौंडांत भागवणाऱ्या सरकारची ओढाताण होऊ लागली. तेव्हा लोकांसाठी टांकसाळी बंद करून रुपयाचा दर पुढे सोळा पेन्सांवर धरून ठेवण्यात आला. या व्यवस्थेची जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ साली ग्रंथ लिहून भलावण केली होती. आंबेडकरांचे म्हणणे उलट होते. नाणी पाडण्याचा अधिकार सरकारच्या हाती मोकळा राहिला, तर देशात रुपये वाढत जाणार, महागाई होणार आणि तिची झळ गरिबाला लागणार. रुपयाला लंडनमध्ये किती पेन्स मिळतात, यापेक्षा येथील बाजारात त्याचे काय येते, हे पाहिले पाहिजे.

इथे गुरूचाही स्वतःचा प्रश्न होता. सोन्याशी रुपयाचे प्रमाण अशा रीतीने टिकवता येईल, असे १८९३ सालीच मानणाऱ्या मोजक्या अर्थशास्त्रज्ञांत कॅनन होते. आता त्यांचाच विद्यार्थी त्या व्यवस्थेवर तुटून पडत होता. शिवाय हा विद्यार्थी एका पराधीन देशाचा. पहिल्या मसुद्यातील ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना झोंबली, प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला आणि आंबेडकरांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहून पाठवला, असे चरित्रांत नमूद आहे. निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत.

कॅनन यांनी प्रस्तावनेत काय केले? आपल्याला यातील बरीचशी टीका मान्य नाही, बहुतेक युक्तिवाद पटत नाहीत, असे त्यांनी उघडपणे लिहिले. पण काही ठिकाणी आंबेडकरांचा घाव अगदी नेमका बसला आहे, जिथे ते चुकले असे वाटले तिथेही विचारांचा ताजेपणा जाणवला, आणि स्वतंत्र बुद्धीचा विक्षिप्तपणा सोसायला म्हातारा शिक्षक शिकतो, असेही लिहिले. एवढेच नव्हे, तर व्यवहारातील निष्कर्ष बहुधा आंबेडकरांचाच बरोबर, अशी कबुली दिली. निव्वळ सुवर्णमान महाग खरे. पण मूर्ख आणि लबाड या दोघांच्याही हातून ते सहसा बिघडत नाही, असे त्यांचे कारण.

कॅनन काही लाड करणारे गुरू नव्हते. त्यांनी केलेल्या कठोर तपासणीमुळे आपण अनेक चुकांतून वाचलो, हे आंबेडकरांनी आपल्या मनोगतात मान्य केले आहे. मुद्रिते तपासण्याचे कंटाळवाणे काम करणारे विल्सन कॉलेजचे प्रा. वाडिया यांचेही आभार तिथे आहेत. पण मूळ अर्पण केले आहे ते आईवडिलांच्या स्मृतीला.

या पुस्तकातूनच रिझर्व्ह बँक जन्मली, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. आम्हांला ते अतिशयोक्तीचे वाटते. ठाऊक आहे ते एवढे, की चलनासंबंधी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे १५ डिसेंबर १९२५ रोजी आंबेडकरांनी साक्ष दिली. सरकारनेसुद्धा रुपये पाडणे थांबवावे, सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडावी, ही प्रबंधातलीच मागणी त्यांनी तेथे मांडली. आयोगाने सोन्याचे नाणे नाकारले.