मुदत, दिरंगाई आणि इंग्रजी क्रियापदें

एका भाषेंतील नामें दुसऱ्या भाषेंत जाणें हा नेहमींचा व्यवहार आहे. तिकीट, स्टेशन, कोर्ट हे शब्द आले आणि घरचे झाले. त्यांनीं मराठीच्या ठेवणीस फारसा धक्का लावला नाहीं. क्रियापदांचें तसें नव्हे. काम कसें सुरू होतें, कोठें अडतें आणि कोणामुळें अडतें हें सांगण्याची रीत क्रियापदांत असते. ती बदलली म्हणजे कामाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. इंग्रजी कचेऱ्यांबरोबर आपल्याकडे आलेल्या अशा क्रियापदांचा विचार आम्ही येथें करणार आहों. आमचें राहणें बुलढाण्याचें, तेव्हां उदाहरणें पुष्कळशीं या जिल्ह्याचीं येतील. वाचकांनीं तेवढें चालवून घ्यावें.

इंग्रजांच्या पूर्वीं हीच गोष्ट फारसीच्या बाबतींत घडली होती. जिजाबाईंचें माहेर सिंदखेड राजा याच जिल्ह्यांतलें. त्यांच्या पुत्राच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दफ्तरांतील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले, हें सर्वश्रुत आहे. परंतु काळवेळाचे शब्द त्या मोहिमेंतूनही तगून राहिले. मुदत, तारीख, वायदा, तगादा हे अरबी. हप्ता म्हणजे मूळचा फारसी आठवडा. आणि दिरंगाईंत फारसी 'दिरंग' जसाच्या तसा बसला आहे. माधवराव पटवर्धनांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि पुढें १९३८ त 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकी शब्दांविरुद्ध शस्त्र उपसलें. फारसीचा एवढा व्यासंग असलेल्या माणसानेंच तें करावें याचें आम्हांस कौतुक वाटतें. तरी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नामें फारसी आलीं, पण त्यांच्यापुढें उभीं राहिलेलीं क्रियापदें मराठीच होतीं: मुदत मागणें, तगादा लावणें, हप्ता भरणें, वायदा पाळणें. शब्द परका असला तरी वाक्याचा कणा आपला राहिला.

१८५३ च्या तहानें निझामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचें मोल आलें. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट मलकापूर, नांदुरा, शेगांव करीत नागपूरकडे गेली, आणि १८७० सालीं जलंबपासून खामगांवच्या बाजारापर्यंत फांटा झाला. त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. गाडी आणि तारायंत्र आल्यावर 'चार दिवसांत पाठवितों' ह्या बोलीनें भागण्यासारखें राहिलें नाहीं.

विलक्षण योग असा कीं, ज्या युद्धानें खामगांवची पेठ भरभराटीस आणली त्याच युद्धानें इंग्रजीस 'डेडलाइन' हा शब्द दिला. जॉर्जिया संस्थानांत अँडरसनव्हिल येथें १८६४ सालीं युद्धकैद्यांचा एक तळ होता. कुंपणाच्या आंत कांहीं अंतरावर एक हलकासा कठडा घातलेला असे. त्याला ओलांडणारा कैदी पहारेकऱ्याच्या गोळीस बळी पडे. त्या तळाचा अधिकारी हेन्री वर्झ यास १८६५ त फांशी झाली, आणि त्याच्या चौकशींत हा शब्द वारंवार आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो अमेरिकन वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मजकुराच्या अखेरच्या वेळेसाठीं वापरला जाऊं लागला, आणि आज आमच्याकडील शाळकरी मुलेंही त्याचा उच्चार निःशंकपणें करितात. याच्याशेजारीं 'मुदत' ठेवून पाहावी. अरबींत त्या शब्दाचा धातु ताणणें, लांबविणें या अर्थाचा आहे. मुदत ही दोरीसारखी. ती वाढवून मागतां येते, वाढवून देतां येते. डेडलाइन ही रेघ. ती एक पाळावी किंवा ओलांडावी. दोन समाजांची काळाविषयींची समजूत यांत सांठविलेली आहे असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. पण आमचे इंग्रज लेखकही मुदती चुकवितात, तेव्हां तो आवरलेला बरा.

आतां क्रियापदांकडे वळूं. इंग्रजींत साधें क्रियापद घेऊन त्यास अप, ऑफ, आउट, बॅक अशीं शेंपटें जोडतात, आणि अर्थ भलतीकडेच जातो. परकीयांना इंग्रजींतील अत्यंत कठीण भाग हाच, हें डॉक्टर जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें आहे. त्यांस 'फ्रेजल व्हर्ब' हें नांव मात्र बरेंच उशिरां, १९२५ सालीं लोगन पिअर्सल स्मिथच्या ग्रंथामुळें रूढ झालें. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून आलेला विद्यार्थीही येथें हटकून अडखळतो. सभा 'पुट ऑफ' केली म्हणजे पुढें ढकलली. ठीक. पण 'पुट बॅक' केली म्हणजेही पुढेंच ढकलली! तेथें विद्यार्थी 'मागें टाकली' असें लिहितो, आणि मराठींत मागें टाकणें म्हणजे शर्यतींत एखाद्यावर मात करणें. 'ब्रिंग फॉरवर्ड' चें तर विचारूंच नये. सभेच्या बाबतींत त्याचा अर्थ अलीकडे आणणें, आणि वहीखात्यांत त्याच शब्दांनीं मागील पानाची बाकी पुढील पानावर येते. घड्याळ 'पुट बॅक' केलें तर कांटा मागें जातो, सभा 'पुट बॅक' केली तर ती लांबते. मराठीची रीत येथें अधिक सरळ आहे: जें व्हावयाचें तें पुढें, जें झालें तें मागें, आणि जवळ ओढावयाचें असल्यास 'अलीकडे'.

इंग्रजींत क्रिया पुरी झाल्याची छटा 'अप' सारख्या शेंपटानें येते. मराठींत ती दुसऱ्या क्रियापदानें येते. उरकून घे, देऊन टाक, होऊन गेलें. दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणांत संयुक्त क्रियापदांची जी चर्चा आहे ती या दृष्टीनें पुन्हा वाचण्यासारखी आहे. टाक, घे, जा, बस हीं चार क्रियापदें ज्याला नेमकीं वापरतां येतात त्याला 'फिनिश अप' चें भाषांतर शोधीत बसावें लागत नाहीं.

काम शेवटास नेण्याचे आपले वाक्प्रचार पाहिले तर ते बहुधा नदीचे आहेत. पार पाडणें, तडीस नेणें: तड म्हणजे कांठ. याच जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावणारी पैनगंगा किंवा उत्तरेची पूर्णा पावसाळ्यांत ज्यानें ओलांडली असेल त्याला 'कॅरी आउट' आणि 'तडीस नेणें' यांतला भेद समजावून द्यावा लागणार नाहीं. गाशा गुंडाळणें हें स्वारीच्या मुक्कामावरून आलें. 'वाइंड अप' ला तें जवळचें, पण त्यांत फजितीचा वास आहे, म्हणून कंपनी बंद करणारे नुसतें 'गुंडाळणें' म्हणतात. आणि लांबलेल्या कामाचें भिजत घोंगडें तर इंग्रजींत कोणास नेतांच येणार नाहीं.

कचेरीनें कांहीं नाणीं स्वतः पाडलीं. कारकून कागद साहेबापुढें 'पुट अप' करतो. हा अर्थ इंग्लंडांतल्या इंग्रजास सहसा कळत नाहीं, आपल्या तहसिलींत शिपायासही कळतो. 'डिस्पोज ऑफ' चें 'निकाली काढणें' झालें, आणि तें भाषांतर आम्हांस उत्तम वाटतें. 'पाठपुरावा' चा इतिहास याहून मनोरंजक आहे. जुन्या लेखनांत एखाद्या मताचा पाठपुरावा करीत, म्हणजे त्यास दुजोरा देत. आज तो 'फॉलो अप' चा प्रतिशब्द झाला असून अर्जदार आपल्याच अर्जाचा पाठपुरावा करीत हिंडतो. १९६० नंतर राज्याच्या भाषा संचालनालयानें पदनाम कोश, शासन व्यवहार कोश असे ग्रंथ काढले. त्या कार्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु कोशांचा भर पुन्हा नामांवरच. 'पेंडिंग' चें 'प्रलंबित' झालें, आणि वाक्य होतें तेथेंच राहिलें.

तें वाक्य असें: 'प्रकरण प्रलंबित आहे.' मेहकर-लोणारकडचा शेतकरी फेरफाराच्या नोंदीसाठीं खिडकीशीं उभा राहतो, आणि त्यास काम राहिलें, अडलें, रखडलें, खोळंबलें यांपैकीं एखादें उत्तर मिळतें. हीं सर्व क्रियापदें अकर्मक. त्यांत करणारा नाहीं. पाऊस पडतो तसें काम रखडतें. 'पुट ऑफ' ला निदान कोणीतरी कर्ता लागतो; इंग्रजांनाही ही अडचण भासली असावी, म्हणून त्यांनीं 'स्लिप' आणि 'ड्रॅग ऑन' हीं बिनकर्त्याचीं क्रियापदें हाताशीं ठेवलीं आहेत. मराठींत रखडविणें, अडविणें हीं रूपें आहेत, पण तीं खिडकीच्या बाहेरच्या बाजूस वापरलीं जातात.

कायद्यानें मात्र कर्ता शोधला. शासकीय कर्तव्यें 'पार पाडतांना' होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम २००५ चा; तो सांगतो कीं, सामान्यतः कोणत्याही कर्मचाऱ्यापाशीं नस्ती कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहूं नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें तर मुदत हा शब्दच बाजूस ठेवून 'नियत कालमर्यादा' घातली. ती ओलांडली तर अर्जदारास अपील करतां येतें, आणि सबळ कारणाविना चुकणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. अपिलाच्या अर्जांत मात्र 'माझें काम रखडलें' असें लिहून भागत नाहीं; कोणत्या पदावरील अधिकाऱ्यानें कोणती सेवा कोणत्या तारखेपर्यंत दिली नाहीं, हें कर्त्यासह लिहावें लागतें.