चौक आला की कॉम्प्युटर अडायचा!

पाऊस थांबल्यावर सगळा रस्ता वाळलेला आणि चौकाच्या कोपऱ्यात मात्र डबकं, हे तुम्ही पाहिलं असेलच. दोन रस्त्यांचे उतार तिथे भेटतात. ते नीट जुळले नाहीत, तर पाण्याला जायला वाटच नसते. हे कोपरे कॉम्प्युटरला कसे समजायला लागले, त्याची ही गोष्ट.

रस्ते डिझाइन करणारे सुरुवातीचे बहुतेक प्रोग्रॅम पाव कापल्यासारखे चालायचे. मध्यरेषा आखा, ठरावीक अंतरावर आडवा छेद घ्या. 7 मीटर डांबर, दोन्हीकडे साईडपट्टी, मग गटार. हाच साचा पुढे पुढे सरकवायचा. माळरानावरच्या रस्त्याला हे झकास. खोदकाम किती, भराव किती, सगळं निघायचं.

पण चौकात रस्ता हळूहळू रुंद होतो, कोपऱ्यावर कड गोल फिरते आणि चक्क दुसऱ्या रस्त्याची होऊन जाते. मुख्य रस्त्याला काटकोनात सुरी मारली, तर ती बाजूच्या रस्त्याला लांबीत चिरत जाते! मग रुंदी किती म्हणायची?

उत्तर आलं इंग्लंडमधून, तेही कुठल्या बड्या कंपनीकडून नाही. डरहॅम, वेस्ट ससेक्स आणि नॉर्थम्प्टनशायर या काउंटी कौन्सिल, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदा. तिथल्या ॲलन क्रेन, जॉर्ज हूल्टन आणि एरिक माल्कमसन यांनी 1974 मध्ये ‘मॉस’ हा प्रोग्रॅम आणला.

त्यांनी काय केलं, तर सुरीच बाजूला ठेवली. रस्ता म्हणजे शेजारी शेजारी ताणलेल्या दोऱ्या. एक मध्यरेषेची, एक डांबराच्या कडेची, एक फूटपाथची, एक गटाराची. दोरीवरच्या प्रत्येक बिंदूला जागा आणि उंची. नावसुद्धा ‘स्ट्रिंग’च! आता रुंदी हा वेगळा भरायचा आकडा उरलाच नाही. दोन दोऱ्यांमधलं अंतर हीच रुंदी. कोपऱ्याची कड एका रस्त्यावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपली, तरी दोरी एकच. दोन्ही टोकांची उंची ठाऊक असली की मधला उतार बसवता येतो, आणि डबकं कागदावरच पकडता येतं. छेद हवाच असेल तर नंतर, हव्या त्या दिशेने कापा.

गंमत म्हणजे, साइटवरचा गवंडी आधीपासून दोरीच लावत होता की!

‘मॉस’चं पुढे ‘एमएक्स’ झालं, आणि 2003 मध्ये ते बेंटली कंपनीकडे गेलं. पाव कापायची पद्धत मात्र मेली नाही. आजच्या सिव्हिल थ्रीडीमध्ये साचाच सरकतो, फक्त ‘टार्गेट’ म्हणून एक रेषा दाखवली की लेनची कड त्या रेषेपर्यंत ताणली जाते. म्हणजे सुरी तीच, पण कुठवर कापायचं ते दोरी सांगते. आणि चौकात अजूनही गोल कोपऱ्याला स्वतःची वेगळी बेसलाइन द्यावी लागते, छेदही जवळजवळ घ्यावे लागतात.