‘स्त्रीपुरुषतुलना’ : दस्तऐवज की युक्तिवाद?

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली, त्यानंतर मात्र तो दीर्घकाळ अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला. तेव्हापासून तो वाचला जातो, पण बहुधा ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून. ही वाचनपद्धती अपुरी वाटते.

निबंधाचे निमित्त सुरतेतील होते. विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. परंतु या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले गेले, ते ताराबाईंना साहवले नाही. बुलढाण्याच्या या लेखिकेने वृत्तपत्रांबरोबरच तत्कालीन कथा-नाटकांचाही समाचार घेतला, आणि त्यांतील स्त्री ही पुरुषांच्या सोयीने रचलेली आहे हे दाखवले. ललित वाङ्मयालाच येथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. (आपले वाङ्मयेतिहास नेमके उलट करतात : कादंबरी ती कलाकृती, निबंध तो पुरावा.)

पुरावा म्हणून वाचताना आपण वैधव्याविषयीची माहिती तेवढी टिपून घेतो, आणि पुरुषांना थेट संबोधणारा, उपरोधाने धारदार झालेला, बोलीच्या वळणाचा युक्तिवाद गाळतो. विधवांच्या स्थितीची माहिती इतरत्रही मिळते. हा युक्तिवाद दुसरीकडे नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तकही उपलब्ध नाही.