खाली केलेला अंगठा

रोमन आखाड्यात हरलेला ग्लॅडिएटर पडलाय, वरचे प्रेक्षक अंगठा खाली करून 'मार त्याला' म्हणताहेत. हे दृश्य आपल्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं, पण ते तिथे आणलं कोणी? बऱ्याच अंशी एका फ्रेंच चित्रकाराने, आणि त्याच्याइतकंच त्याच्या सासऱ्याने!

झाँ-लेऑं जेरोम (१८२४-१९०४) हा पॅरिसच्या सरकारी कलाशाळेतला प्राध्यापक. १८६३ साली त्याने अदॉल्फ गूपिल यांच्या मुलीशी लग्न केलं. गूपिल हे चित्रांचे बडे व्यापारी. मूळ चित्र एकाच श्रीमंताच्या घरी जाणार, पण त्याच्या छापील प्रती हजारो घरांत जातात, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. धातूच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, खाचांत शाई भरायची आणि ओला कागद दाबून छाप घ्यायचा. पुढे या कामात छायाचित्रणाची मदत आली आणि लहानमोठ्या आकारांत, वेगवेगळ्या किमतींना प्रती मिळू लागल्या. लंडन, हेग, ब्रसेल्सला दुकानं होती. विन्सेंट व्हॅन गॉग १८६९ ते १८७६ याच पेढीत नोकरीला होता, आणि अशा प्रती विकत होता.

जेरोम चित्र काढतो तेच मुळी त्याच्या प्रती खपाव्यात म्हणून, असा टोमणा लेखक एमिल झोलाने १८६७ मध्ये मारला होता.

मग १८७२ साली आलं 'पोल्लिके व्हेर्सो'. शिरस्त्राणं पाँपेईत सापडलेल्या नमुन्यांवरून अगदी बारकाईने रंगवलेली. त्यामुळे अंगठाही तितकाच खरा वाटतो. पण लॅटिन शब्दांचा अर्थ एवढाच, 'अंगठा वळवून'. कवी जुव्हेनालही गर्दीने अंगठा वळवला इतकंच लिहितो. वर की खाली, हे तो सांगत नाही. ती दिशा जेरोमने दिली आणि छापील प्रतींनी ती घरोघरी नेली. २००० सालच्या 'ग्लॅडिएटर' सिनेमासाठी दिग्दर्शक रिडले स्कॉटना निर्मात्यांनी आधी दाखवलं, ते हेच चित्र.

इतिहासाच्या मास्तराला चित्रांची थोडी धास्ती वाटते, ती यासाठीच. धड्यातलं वाक्य मुलं परीक्षेनंतर विसरतात, पण शेजारचं चित्र जन्मभर लक्षात राहतं. आणि चित्रातल्या दहा गोष्टी खऱ्या असल्या की अकरावीचा पुरावा कोणी मागत नाही.

असो. मूळ चित्र आज अमेरिकेत फिनिक्सच्या कलासंग्रहालयात आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी जमलं तर जरूर पाहून यावं. चित्र सुंदरच आहे!