आघाडी सरकार कसे बनते, कसे चालते आणि आपण त्यात कुठे?

लोकसभेत 543 जागा आहेत. सरकार बनवायला 272 सदस्यांचा पाठिंबा लागतो. महाराष्ट्र विधानसभेत 288 पैकी 145. एकाच पक्षाला इतक्या जागा मिळाल्या नाहीत, की दोन किंवा अधिक पक्ष मिळून सरकार बनवतात. 2024 मध्ये भाजपला 240 जागा मिळाल्या. तेलुगू देसम (16), जनता दल युनायटेड (12) आणि इतर मित्रपक्षांच्या बळावर केंद्रात सरकार आले.

बनते कसे?

आघाडी निवडणुकीआधी जागावाटप करून होते किंवा निकालानंतर होते. 2019 ची महाविकास आघाडी निकालानंतरची. कोणाला बोलवायचे हे राष्ट्रपती किंवा राज्यपाल ठरवतात, पण बहुमताची खरी परीक्षा सभागृहातच होते. एस. आर. बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली हे स्पष्ट केले.

चालते कसे?

संविधानाच्या अनुच्छेद 75(3) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. म्हणून मित्रपक्ष ‘किमान समान कार्यक्रम’ लिहून काढतात. काही पक्ष मंत्रिपद न घेता बाहेरून पाठिंबा देतात. 2004 मध्ये डाव्या पक्षांनी यूपीएला असाच पाठिंबा दिला आणि 2008 मध्ये अणुकराराच्या प्रश्नावर तो काढून घेतला. मंत्र्यांची संख्याही अमर्याद नाही. 91 व्या घटनादुरुस्तीने (2003) ती सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांवर आणली.

आपला अनुभव काय सांगतो?

व्ही. पी. सिंग यांचे सरकार भाजप आणि डावे या दोघांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर जेमतेम अकरा महिने टिकले. पण त्याच काळात, 1990 मध्ये, बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आणि मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली. सरकार डळमळीत असले म्हणजे त्याच्याकडून काम होत नाही, असे नाही.

1998 मध्ये काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले: प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे. एप्रिल 1999 मध्ये त्याच लोकसभेत वाजपेयी सरकार अवघ्या एका मताने पडले. अशा सभागृहात चार मतांना केवढे मोल असते, हे वेगळे सांगायला नको. ती एकजूट मात्र टिकली नाही.

कार्यकर्त्यांनी काय विचारावे?

आघाडीची बोलणी सुरू झाली की आपल्या नेत्यांना तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते.

1. उमेदवार कोणाच्या चिन्हावर लढणार? मोठ्या पक्षाचा उमेदवार म्हणून निवडून आलेला सदस्य पक्षांतरबंदी कायद्यानुसार त्याच पक्षाचा मानला जातो आणि व्हिपही त्याच पक्षाचा चालतो.

2. शिष्यवृत्ती, अनुशेष भरती, अनुसूचित जातींसाठीचा निधी या मागण्या समान कार्यक्रमात लेखी आहेत का?

3. शब्द पाळला नाही तर पाठिंबा काढण्याची तयारी आणि ताकद आहे का?

एखादे मंत्रिपद किंवा महामंडळ मिळाले की चर्चा तिथेच थांबते. तसे होऊ देऊ नका. कराराचा कागद मागा, तो वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि दरवर्षी त्याचा हिशेब घ्या.